तुरुंगातून आलेली ४० पानं : ‘सार्वभौम नागरिक’, बुजगावणं आणि अमेरिकेतली कोर्टं

कृष्णाकाठ

गेली सहा वर्षं दर शनिवारी मी इलिनॉयमधल्या एका तुरुंगात शिकवायला जाते. शाळा अर्धवट सुटलेल्या कैद्यांना बारावीच्या तोडीच्या परीक्षेला बसायचं असतं, त्यासाठी वाचन, निबंध आणि अपूर्णांक. मागच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर मागच्या बाकावरचा एक जण थांबला. पस्तिशीचा, अबोल, अक्षर मोत्यासारखं. त्याने कागदांचा गठ्ठा पुढे केला आणि म्हणाला, “कोर्टात पाठवायचंय. फक्त स्पेलिंग बघाल का?”

रेघांच्या पिवळ्या कागदावर हाताने लिहिलेली ४० पानं. पहिल्या पानावर त्याचं नाव दोनदा होतं. एकदा सगळं कॅपिटल अक्षरांत, त्यावर काट मारलेली. खाली तेच नाव साध्या अक्षरांत, मध्ये संयोगचिन्ह आणि अपूर्णविराम घातलेलं. सहीशेजारी लाल शाईत अंगठा. उजव्या कोपऱ्यात टपालाचं तिकीट चिकटवून त्या तिकिटावरून तिरकी सही केलेली.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेत स्वतःला ‘सॉव्हरिन सिटिझन’, म्हणजे सार्वभौम नागरिक म्हणवणारे लोक आहेत. त्यांचं म्हणणं असं, की १९३३ साली अमेरिकेने डॉलरची सोन्याशी असलेली सांगड सोडली तेव्हाच सरकारचं दिवाळं निघालं आणि तेव्हापासून प्रत्येक नागरिक सावकाराकडे तारण पडलाय. जन्मदाखल्यावर कॅपिटल अक्षरांत पडलेलं नाव त्या मुलाचं नसतंच, ते सरकारने उभं केलेलं बुजगावणं असतं. खटला चालतो बुजगावण्यावर, शिक्षा होते बुजगावण्याला, कोठडीत मात्र हाडामांसाचा माणूस जातो. ठरावीक कागद ठरावीक शब्दांत, ठरावीक शाईने दाखल केले की माणूस बुजगावण्यापासून सुटा होतो आणि कोर्टाचा त्याच्यावरचा अधिकार संपतो. सरकारी तिजोरीत बुजगावण्याच्या नावाने गुप्त खातं आहे, असंही ते सांगतात. कोर्टातल्या झेंड्याला सोनेरी झालर असली तर ते कोर्ट समुद्री कायद्याचं, जमिनीवरच्या माणसाला त्याचा निकाल लागू नाही.

मी पेन्सिल घेऊन स्पेलिंग बघत गेले. ३१व्या पानावर मध्येच दोन ओळी आल्या. खटल्याआधी वकील मला एकदाच, दहा मिनिटं भेटला. त्या रात्री मी मावशीकडे होतो आणि मावशी कोर्टाबाहेरच्या बाकावर दिवसभर बसून होती, तिला आत कुणी बोलावलंच नाही. पुढच्या ओळीपासून पुन्हा १९३३ आणि सोनं.

मला त्याला कायद्याचा सल्ला द्यायची परवानगी नाही, स्वयंसेवक होताना तसं लिहून दिलेलं आहे. पण त्या दोन ओळी डोक्यातून जाईनात. आठवडाभर वाचत बसले की असा अर्ज कोर्टात पोचल्यावर त्याचं पुढे काय होतं. जे समजलं ते लिहिते. या क्षेत्रातल्या जाणकारांनी चुकलं तिथे दुरुस्त करावं.

सुरुवातीला कोर्ट कैद्याला बरंच सांभाळून घेतं. लिफाफा तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हाती दिला ती तारीख दाखल झाल्याची तारीख धरतात. सुप्रीम कोर्टाने हे १९८८ साली ठरवलं, कारण तिथून पुढे टपाल कधी निघेल हे कैद्याच्या हातात नसतं. वकील नसलेल्याचा अर्ज वकिलाच्या मापाने मोजायचा नाही, सढळपणे वाचायचा, हा दंडक १९७२ पासूनचा. अनेक कोर्टांत अशा अर्जांसाठी वेगळे कायदा शिकलेले मदतनीस असतात, ते सगळे कागद वाचतात.

मग चाळणी लागते. कैद्याने सरकारी अधिकाऱ्यांवर दावा केला तर समोरच्याला नोटीस जाण्याआधीच न्यायाधीशाने तो तपासायचा आणि तथ्यहीन असेल तर तिथेच फेटाळायचा, असं १९९६ च्या कैदी-दावे सुधारणा कायद्यात आहे. तथ्यहीन कशाला म्हणायचं तेही सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय. कायद्यात किंवा वस्तुस्थितीत वाद घालण्याइतकाही आधार नसेल तर तथ्यहीन (१९८९), आणि मांडलेली हकीकत निव्वळ भ्रमातली असेल तर तिला खरी धरायची गरज नाही (१९९२). बुजगावण्याबद्दल तर शिकागोच्या सातव्या विभागाच्या अपील कोर्टाने २०११ साली ‘बेनाबे’ खटल्यात स्पष्ट लिहिलं, की माणूस स्वतःला सार्वभौम नागरिक म्हणो, तारणधारक सावकार म्हणो की हाडामांसाचा जीव म्हणो, तो कोर्टाच्या अधिकाराबाहेर जात नाही. हे सिद्धांत कुठल्याही रूपात आले तरी तडक फेटाळावेत. त्यामुळे ४० पानी अर्जावरचा हुकूम बहुतेक दोन-तीन पानांचा असतो. न्यायाधीश झालरीवर चर्चा करत बसत नाहीत.

इथवर मला पटतं. पण पुढे त्या माणसाचं काय होतं ते वाचताना झोप उडाली.

दावा फेटाळला तरी ३५० डॉलर कोर्ट फी माफ होत नाही. गरीब कैद्याला ती हप्त्याने भरता येते, खात्यात १० डॉलरपेक्षा जास्त असले की महिन्याच्या जमेतले २० टक्के कापले जातात. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगात साध्या कामाची मजुरी तासाला १२ ते ४० सेंट आहे. त्या मजुरीत ३५० डॉलर फेडायचे म्हणजे वर्षं जातात, आणि साबण, टूथपेस्ट, घरचा फोन हे सगळं त्याच खात्यातून. वर असे तीन दावे फेटाळले गेले की ‘तीन स्ट्राइक’ होतात. त्यानंतर हप्त्याची सवलत बंद, पूर्ण फी आधी भरा. अपवाद एकच, शरीराला गंभीर इजा होण्याचा धोका अगदी समोर उभा असेल तर. इलिनॉयमध्ये याशिवाय तथ्यहीन अर्जाबद्दल शिक्षेत मिळालेल्या सवलतीचे १८० पर्यंत दिवस काढून घेता येतात. एका लाल अंगठ्यापायी सहा महिने जास्त!

आमच्या माणसाचे कागद मात्र दाव्याचे नव्हते, ते ‘हेबियस कॉर्पस’चे होते, म्हणजे माझी कैदच बेकायदा आहे असे. त्याची फी फक्त ५ डॉलर आणि स्ट्राइकचा नियम तिथे नाही. तिथे जे जातं ते पैशापेक्षा मोठं आहे. १९९६ च्याच एका दुसऱ्या कायद्याने अशा अर्जाला एक वर्षाची मुदत घातली. आणि एकदा अर्ज गुणदोषांवर फेटाळला गेला की दुसरा अर्ज करण्यासाठी आधी अपील कोर्टाची परवानगी लागते, जी क्वचितच मिळते. म्हणजे प्रत्येकाला खऱ्या अर्थाने एकच संधी. ती बुजगावण्यावर खर्च झाली तर मावशीची साक्ष कायमची बाकावरच राहते.

तथ्यहीन अर्जांचा विषय निघाला की कोर्टाचा वेळ वाया जातो याबद्दलच बोललं जातं. मला असं ठाम वाटतं की या कागदांनी पहिला घात होतो तो लिहिणाऱ्याचा, आणि दुसरा घात होतो त्याच गठ्ठ्यात खाली दबलेल्या दुसऱ्या कुणाच्या खऱ्या अर्जाचा.

मंदार७८

ताई, त्या दोन ओळी वाचून कसंसंच झालं. एक शंका आहे. अमेरिकेत आरोपीला सरकार वकील देतं असं ऐकलंय. मग हा माणूस एकटा का लिहीत बसलाय?

कृष्णाकाठ

मंदार, वकील मिळतो तो खटल्याला आणि पहिल्या अपिलाला. त्यापुढच्या अर्जांना वकील मिळण्याचा हक्क नाही, सुप्रीम कोर्टाने १९८७ साली तसं ठरवलं. त्यामुळे ज्याचं गाऱ्हाणंच ‘माझ्या वकिलाने काम केलं नाही’ हे आहे, त्याला ते गाऱ्हाणं बिनवकिलाचं मांडावं लागतं.

आणि सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आला कुठून माहीत आहे का? तुरुंगातूनच. क्लॅरेन्स गिडियन नावाचा कैदी फ्लोरिडाच्या तुरुंगात होता. त्याने जानेवारी १९६२ मध्ये तुरुंगाच्या कागदावर पेन्सिलने पाच पानी अर्ज लिहून सुप्रीम कोर्टाला पाठवला, की मी वकील मागितला होता आणि मला दिला नाही. १९६३ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. पुन्हा खटला चालला तेव्हा वकील होता आणि तो निर्दोष सुटला. त्याचाही अर्ज एका गठ्ठ्यातच आला होता.

रोखठोक

लेख कळकळीने लिहिलाय, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे, आणि ती ऐकीव नाही.

माझी बायको एका काउंटी कोर्टात कारकून आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही घराचं कर्ज बदलून घ्यायला गेलो तर बँकेने सांगितलं, घरावर बोजा आहे. लाखो डॉलरचा. कुणा एका माणसाचा अर्ज तिने नियमाप्रमाणे परत पाठवला होता, म्हणून त्याने तिच्या नावाने कर्जाचे खोटे कागद नोंदवून टाकले होते. तिने त्याला पाहिलंही नव्हतं. तो बोजा उतरवायला सात महिने लागले, वकिलाची फी आमच्या खिशातून. त्या सात महिन्यांत ती रात्री उठून दाराची कडी तपासायची. व्याजाचा दर वाढला, तो फटका वेगळा.

हा माणूस तुरुंगात नव्हता, पण विद्या तीच. आमच्यासारख्यांनी सहानुभूती कुठून आणायची? माझ्या मते हे साहित्य तुरुंगात सापडलं की जप्त करावं.

कृष्णाकाठ

रोखठोक, वहिनींना जे सोसावं लागलं ते भयंकर आहे आणि त्याला मी कुठलीही सबब देणार नाही. खोटा बोजा चढवणं हे हत्यार आहे. फेडरल न्यायाधीश आणि अधिकाऱ्यांवर असा बोजा चढवणं हा जानेवारी २००८ मध्ये सही झालेल्या कायद्याने गंभीर गुन्हा ठरला, शिक्षा १० वर्षांपर्यंत. काउंटीच्या कर्मचाऱ्यांना मात्र त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून राहावं लागतं, ही उणीवच आहे.

माझा मुद्दा इतकाच, की बोजा चढवणारा आणि ‘मला सोडा’ असं लिहिणारा या दोघांत फरक करायला हवा. माझ्या वर्गातल्या माणसाने कुणावर बोजा चढवलेला नाही. ती ४० पानं त्याने दुसऱ्या कैद्याकडून उतरवून घेतली, त्या बदल्यात चार महिने त्याच्या वाटची कॉफी दिली. त्याला वाटतंय की आपण कायदा शिकलो.

काळाकोट

ताईंनी लिहिलेलं बरोबर आहे, दोन गोष्टी जोडतो. (मी नागपूर खंडपीठात वकिली करतो, पण तुलनात्मक कायद्याची आवड आहे.)

जप्तीच्या मुद्द्यावर अमेरिकेतली कोर्टं दोन दिशांना गेली आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या ग्रेटरफर्ड तुरुंगात खोल्यांची झडती घेऊन असे कागद उचलले, त्यावर कैदी कोर्टात गेले. तिसऱ्या विभागाच्या अपील कोर्टाने २००८ साली ‘मनरो वि. बीअर्ड’मध्ये तुरुंगाची बाजू घेतली, खोटे बोजे रोखणं हा रास्त हेतू आहे म्हणून. पुढच्याच वर्षी ‘जोन्स वि. कारूसो’मध्ये सहाव्या विभागाने मिशिगनच्या नियमाला अंतरिम मनाई कायम ठेवली. तो नियम इतका मोघम होता की व्यापारी कायद्याची साधी माहितीही बाळगणं गुन्हा ठरत होतं. हत्यार काढून घ्या, पण पुस्तकाचं कपाट उचलून नेऊ नका, असा तो भेद. मला तो भेद महत्त्वाचा वाटतो.

दुसरं, मुदतीबद्दल. ताई, यात एक खाच आहे जी तुमच्या माणसाच्या दृष्टीने जीवघेणी आहे. राज्याच्या कोर्टात रीतसर अर्ज प्रलंबित असेल तर फेडरल मुदतीचं घड्याळ थांबतं. फेडरल कोर्टात अर्ज प्रलंबित असताना मात्र ते थांबत नाही. २००१ चा निकाल आहे, ‘डंकन वि. वॉकर’. म्हणजे त्याने ती ४० पानं थेट फेडरल कोर्टात पाठवली आणि ती तिथे आठ महिने पडून राहिली, तर ते आठ महिने त्याच्या वर्षातून गेले.

आणि वकिलाच्या हलगर्जीचा मुद्दा आधी राज्याच्या कोर्टातच न्यावा लागतो. इलिनॉयची पद्धत तुलनेने चांगली आहे. अर्ज आल्यावर न्यायाधीशाने ९० दिवसांत तो बघायचा. घटनात्मक गाऱ्हाण्याचा नुसता गाभा दिसला तरी पहिली पायरी ओलांडते, मग वकीलही मिळतो. ‘मावशी बाकावर बसली होती, तिला बोलावलं नाही’ यात गाभा आहे की नाही ते कुणीही सांगेल. मावशीचं शपथपत्र जोडता आलं तर उत्तम.

शर्वरी_टोरांटो

कॅनडातही हे पीक आहे. अल्बर्टामध्ये न्यायमूर्ती जॉन रूक यांनी २०१२ साली ‘मीड्स वि. मीड्स’ या निकालात सगळ्या युक्त्यांची यादीच लिहून ठेवली: अंगठे, तिकिटं, नावातले अपूर्णविराम, झालर, सगळं. ७३६ परिच्छेद! मूळ प्रकरण घटस्फोटाचं. एवढं लिहायचं कारण हे, की पुढच्या न्यायाधीशांना दर वेळी पहिल्यापासून लिहीत बसायला नको. आता इतर देशांतली कोर्टंही त्याचा दाखला देतात.

त्यात मला सर्वांत पटलेला भाग ‘गुरूं’बद्दलचा आहे. ही विद्या विकणारे असतात. पैसे घेऊन शिबिरं भरवतात, कागदांचे संच विकतात, आणि कोर्टात मात्र शिष्य एकटा उभा असतो. रूक यांनी त्या गुरूंना अजिबात सोडलेलं नाही.

मंदार७८

पण मग आजवर एकदाही न जिंकलेली गोष्ट लोक विकत का घेतात?

नाखवा

मंदार, मी बाल्टिमोरला राहतो, त्यामुळे यावर थोडं वाचलंय.

ही विद्या आली कुठून ते आधी बघ. १९७० च्या दशकात ‘पोसे कोमिटाटस’ नावाची गोऱ्या वर्चस्ववाद्यांची चळवळ होती. त्यांचं म्हणणं, खरे सार्वभौम नागरिक फक्त गोरे. काळ्यांना नागरिकत्व चौदाव्या घटनादुरुस्तीने दिलं, म्हणून ते सरकारचे बांधील. १९८० च्या दशकात शेती कर्जात बुडाली, मध्य-पश्चिमेतल्या शेतकऱ्यांची घरंदारं लिलावात निघाली, तेव्हा हे सिद्धांत गावोगाव पसरले. बुजगावण्याची आणि गुप्त खात्याची भर त्याच काळात रॉजर एल्विक या माणसाने घातली.

आणि २००५ च्या सुमारास बाल्टिमोरच्या फेडरल कोर्टात, ज्यांना मृत्युदंड होऊ शकत होता असे काळे तरुण आरोपी उभे राहून तेच शब्द म्हणू लागले. न्यायाधीश आंद्रे डेव्हिस, तेही कृष्णवर्णीय, त्यांना समजावून थकले की हे शब्द कुठल्या लोकांनी तयार केलेत. वकिलांनी विनवलं. आरोपी म्हणायचे, आम्हाला तुमचा अधिकार मान्य नाही.

तू विचारतोस का घेतात. मला वाटतं, ज्याला खऱ्या कायद्यातला एकही शब्द कधी आपल्या बाजूने ऐकू आलेला नाही, त्याच्या हातात कुणी कायद्यासारखे दिसणारे ४० कागद दिले तर तो ते घट्ट धरतो. बुडत्याला काडी.

खडूफळा

मी इथे नवीन आहे, पण राहवलं नाही म्हणून लिहितो.

१९९६ चा कायदा झाला तेव्हा संसदेत ‘पीनट बटर’चं उदाहरण खूप गाजलं होतं. एका कैद्याने म्हणे, दाणेदार मागवलं आणि गुळगुळीत मिळालं म्हणून दावा ठोकला. दुसऱ्या विभागाच्या अपील कोर्टातले न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी त्या प्रकरणाचे कागद काढून पाहिले. कैद्याने तुरुंगाच्या दुकानातून माल मागवला, चुकीचा आला, त्याने परत केला. बदली डबा मिळायच्या आत त्याची दुसऱ्या तुरुंगात रवानगी झाली आणि खात्यातून अडीच डॉलर मात्र कापले गेले. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की न मिळालेल्या वस्तूचे पैसे परत द्या. वर ताईंनी मजुरीचा दर दिलाय, त्यात अडीच डॉलर म्हणजे किती तासांचं काम ते प्रत्येकाने मनाशी मांडून बघावं.

कायद्याचा परिणाम झाला. फेडरल कोर्टांत कैद्यांचे नागरी हक्कांचे दावे १९९५ साली ३९ हजारांच्या आसपास होते, ते २००१ पर्यंत २२ हजारांच्या आसपास आले, आणि या काळात कैद्यांची संख्या वाढतच होती. त्या गळालेल्यांत लाल अंगठे किती आणि अडीच डॉलरवाले किती, हा प्रश्न मला छळतो.

रोखठोक

खडूफळा, पीनट बटरचं हे मला माहीत नव्हतं. मीही ते उदाहरण लोकांना सांगत आलोय. यापुढे नाही सांगणार.

पण चाळणी हवीच, हे माझं मत कायम आहे. गवताच्या गंजीत सुई शोधायची तर गंजी लहान करावीच लागते.

काळाकोट

रोखठोक, तुमची उपमा अमेरिकेतल्या न्यायमूर्ती जॅक्सन यांनीच १९५३ साली वापरली होती, पण निष्कर्ष वेगळा होता. ते म्हणाले, ज्याला गंजीत सुई शोधावी लागते त्याची अखेर अशी वृत्ती बनते की सुई शोधण्याच्या लायकीचीच नाही. तथ्यहीन अर्जांच्या पुरातला मोठा धोका तो. कागद वाचणाऱ्याची नजर मरते.

ती मरू नये म्हणून वरची कोर्टं अधूनमधून दटावतात. २००७ साली कोलोरॅडोच्या एका कैद्याचा यकृताच्या उपचाराबद्दलचा अर्ज खालच्या कोर्टांनी ‘पुरेसा तपशील नाही’ म्हणून फेटाळला होता, तो सुप्रीम कोर्टाने जिवंत केला. आणि २०१५ मध्ये अर्कान्सॉमधल्या ग्रेगरी होल्ट या मुस्लिम कैद्याने अर्धा इंच दाढी ठेवू द्या म्हणून हाताने लिहिलेला अर्ज केला होता, तो सुप्रीम कोर्टात नऊ विरुद्ध शून्य मतांनी जिंकला.

मंदार७८

काळाकोट सर, आपल्याकडे कैद्याने नुसतं पत्र लिहिलं तरी चालतं ना?

काळाकोट

हो. तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर १९७८ चा ‘होसकोट वि. महाराष्ट्र राज्य’ महत्त्वाचा. कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेत मिळाली पाहिजे, अपिलाला वकील मिळाला पाहिजे, हे त्यात आलं. ‘मुदत गेली, पण कागदच हाती नव्हते’ ही तक्रार आपल्याही तुरुंगांत जुनीच आहे.

ऊठसूट दावे ठोकणाऱ्यांसाठी आपल्याकडे १९७१ चा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे. महाधिवक्त्याने हायकोर्टाकडे अर्ज करायचा, मग त्या माणसाला परवानगीशिवाय दावा करता येत नाही. पण बुजगावण्याचा सिद्धांत घेऊन आलेला पक्षकार मी २२ वर्षांत पाहिलेला नाही, त्यामुळे तुलना ताणत नाही.

ताई, तुम्हाला एकच सांगणं. सल्ला देऊ नका, नियम पाळा. पण त्याला तारीख विचारा. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्याचं अपील ऐकायला नकार दिला ती तारीख. तिथून ९० दिवस आणि त्यापुढे एक वर्ष, एवढाच त्याचा फेडरल वेळ. राज्याच्या अर्जाची मुदत वेगळी आणि ती त्याहून आधीही संपू शकते. बाकी सगळं नंतर.

कृष्णाकाठ

दोन शनिवार झाले, म्हणून लिहिते.

आधी शिक्षण विभागाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अर्जात काय लिहावं हे सांगायचं नाही, पण कुठला छापील नमुना ग्रंथालयात मिळतो हे सांगायला हरकत नाही, आणि निबंध शिकवायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

म्हणून मी त्या शनिवारी सगळ्या वर्गाला एकच निबंध दिला. एका दिवसाची हकीकत. सकाळपासून रात्रीपर्यंत, क्रमाने. कोण होतं, कुठे होतं, किती वाजले होते. मत लिहायचं नाही, फक्त घडलेलं. १४ जणांनी लिहिलं. कुणी लग्नाचा दिवस, कुणी आजी गेली तो दिवस. त्याने कोर्टाचा दिवस लिहिला. मावशीने निळा कोट घातला होता आणि पिशवीत सँडविच आणलं होतं, दुपारी ते तिने रखवालदाराला देऊन टाकलं. सव्वा पान. अपूर्णविराम एकही नाही.

ग्रंथालयातून त्याने छापील नमुने मागवले, राज्याचा आणि फेडरलही. फेडरल हेबियसच्या नमुन्यात प्रत्येक मुद्द्याखाली एक सूचना छापलेली आहे: युक्तिवाद करू नका, कायद्याचे दाखले देऊ नका, फक्त घडलेल्या गोष्टी सांगा. ती ओळ त्याने मला बोट ठेवून दाखवली आणि विचारलं, “हे खरं आहे? एवढंच पुरतं?” मी म्हटलं, “कागदावर छापलंय ते मी वाचून दाखवू शकते.” आणि वाचून दाखवलं. दोनदा.

४० पानं त्याने टाकलेली नाहीत, गादीखाली ठेवली आहेत. ज्याने ती दिली तो त्याच्याच बराकीत आहे आणि रोज विचारतो की पाठवलीस का. मी त्यावर काही बोलले नाही.

काळाकोट सर, तारीख विचारली. त्याला आठवत नाही. नकाराचं पत्र आलं होतं, पण मधल्या बदलीत त्याचं सामान खोक्यात घालून गोदामात गेलं आणि पत्र त्या खोक्यात आहे. खोकं मागवायची चिठ्ठी त्याने सोमवारी भरली. उत्तर यायला साधारण दहा दिवस लागतात, असं तो म्हणाला.

काळाकोट

दहा दिवस थांबायची गरज नाही, ताई. इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टाच्या कारकुनाकडे प्रकरणाच्या नावावरून तारीख मिळते. मावशींनी फोन केला तरी सांगतील. मावशी आहेत ना?

कृष्णाकाठ

आहेत. शिकागोत. दर रविवारी तो त्यांना फोन करतो. उद्या रविवार आहे.